गुण्यासारखं पिस्तूल आणि रिझर्व्हमधल्या सात गोळ्या

सुतार किंवा गवंडी काटकोन तपासायला जो गुण्या वापरतो, तो डोळ्यासमोर आणा. एक भुजा आडवी, एक उभी, मधे नव्वद अंश. ब्रिटिश नौदलाने १९१२ मध्ये स्वीकारलेलं वेब्ली अँड स्कॉट कंपनीचं पिस्तूल जवळजवळ तसंच दिसतं. आडवी नळी, उभी सरळसोट मूठ, कुठे गोलाई नाही की ऐट नाही. इंग्लंडमधल्या लीड्सच्या रॉयल आर्मरीजसारख्या संग्रहालयात जर्मन लुगर पिस्तुलासमोर लोक रेंगाळतात. त्याच्या शेजारी हे ठेवलं, तर कुणीतरी यंत्राचा सुटा भाग विसरून गेलंय असं वाटावं.

मला मात्र त्या कपाटातली हीच वस्तू सगळ्यात बोलकी वाटते. नव्या यंत्रावर विश्वास नसलेल्या माणसांनी नवं यंत्र घेतलं की त्याचं काय होतं, ते या पिस्तुलाच्या अंगावर खाचा-खळग्यांसकट लिहिलेलं आहे. फक्त वाचायला थोडं यंत्रशास्त्र लागतं. तेवढं आधी उरकू.

'ऑटोमॅटिक' म्हणजे किती ऑटोमॅटिक?

या पिस्तुलाच्या डाव्या बाजूला कोरलेलं अधिकृत नाव 'पिस्टल सेल्फ-लोडिंग .४५५ मार्क वन' असं आहे. मार्क वन म्हणजे पहिली आवृत्ती. सेल्फ-लोडिंग, म्हणजे स्वतःची भरणी स्वतः करणारं. आपण सर्रास ऑटोमॅटिक म्हणतो तो शब्द फसवा आहे. खरं ऑटोमॅटिक म्हणजे मशीनगन. चाप दाबून धरला की काडतुसं संपेपर्यंत सुरूच. इथे चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते. दुसऱ्या गोळीसाठी चाप सोडून पुन्हा दाबावा लागतो. मधलं सगळं काम, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर फेकणं, घोडा पुन्हा मागे ओढून ठेवणं आणि नवं काडतूस नळीत ढकलणं, पिस्तूल आपलं आपण करतं. म्हणून हे अर्धस्वयंचलित.

(घोडा म्हणजे काडतुसाच्या बुडावर ठोका देणारा तो मागचा छोटा हातोडा. मुंबईच्या टपोरी भाषेत अख्ख्या पिस्तुलालाच 'घोडा' म्हणतात, ते याच भागावरून आलं असावं.)

आधीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही सगळी मेहनत माणसाच्या बोटाची होती. सहा काडतुसांची चक्री असते. चाप ओढला की बोटाच्याच ताकदीने चक्री एक घर पुढे सरकते. म्हणून रिव्हॉल्व्हर साधंसुधं आणि भरवशाचं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर हजर. ब्रिटिश सैन्याचा या यंत्रावर किती जीव होता हे पुढे दिसेलच.

अर्धस्वयंचलित पिस्तूल बोटाऐवजी झटक्याची ताकद वापरतं. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच रेटा पिस्तुलाला मागे बसतो. न्यूटनचा तिसरा नियम आपण शाळेत घोकलेला असतोच. रिव्हॉल्व्हरमध्ये हा रेटा नेमबाजाच्या मनगटात जिरून फुकट जातो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही डोकेबाज लोकांच्या लक्षात आलं की हीच फुकटची ताकद पुढची गोळी भरायला जुंपता येईल.

कुकरची शिट्टी

अडचण एकच, पण मोठी होती. गोळी नळीत असते तोवर आत वायूचा प्रचंड दाब असतो. तेवढ्यात नळीचं मागचं दार उघडलं, तर पितळेची पुंगळी फाटून गरम वायू चेहऱ्यावर येईल. प्रेशर कुकरचं झाकण वाफ उतरल्याशिवाय उघडत नाहीत, तसंच इथेही गोळी नळीबाहेर पडून दाब उतरेपर्यंत दार कुलूपबंद राहिलं पाहिजे. फक्त ही वाट पाहणं सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचं.

दुबळ्या काडतुसांना कुलूप लागत नाही. दाराचा जडपणा आणि मागच्या स्प्रिंगचा जोर पुरतो, तेवढ्यात दाब उतरून जातो. .४५५ इंची काडतूस तसं नव्हतं. साडेअकरा मिलिमीटर व्यासाची, सुमारे साडेचौदा ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडा वर वेग घेऊन निघणार. इथे कुलूप हवंच.

वेब्लीतले कारागीर विल्यम व्हाइटिंग यांनी ते असं बसवलं. नळीच्या पाठीवर एक उंचवटा ठेवला. तो वरच्या सरकत्या पत्र्याला, म्हणजे स्लाइडला, अडकलेला असतो. नळीच्या मागच्या भागात दोन्ही कुशींना तिरप्या कडा आहेत आणि त्या पिस्तुलाच्या सांगाड्यातल्या तितक्याच तिरप्या खोबणींत बसतात. बार उडाला की नळी आणि स्लाइड हातात हात घालून मागे निघतात. पण खोबणी तिरप्या असल्यामुळे नळी मागे जाता जाता घसरगुंडीवरून उतरावी तशी खालीही सरकते. थोडं अंतर गेल्यावर ती इतकी खाली उतरते की पाठीवरचा उंचवटा स्लाइडमधून सुटतो. एव्हाना गोळी कधीच बाहेर पडलेली असते. नळी तिथेच थांबते, स्लाइड एकटीच मागे धावते, जाताना रिकामी पुंगळी खेचून बाहेर भिरकावते, घोडा चढवते. मग स्प्रिंग तिला पुन्हा पुढे ढकलते आणि येताना ती मुठीतल्या काडतुसांच्या डबीतलं, म्हणजे मॅगझिनमधलं, वरचं काडतूस नळीत सारते. नळी घसरगुंडी चढून वर येते, कुलूप लागतं. पुढच्या चापासाठी सगळं तयार.

अमेरिकेत त्याच सुमारास जॉन ब्राउनिंग यांनी हेच कोडं वेगळ्या पद्धतीने सोडवलं होतं. त्यांच्या कोल्ट पिस्तुलात, जे अमेरिकी लष्कराने १९११ मध्ये घेतलं, नळीचं मागचं टोक एका छोट्या दुव्यावर झुलून खाली येतं. नळी किंचित वाकडी होते. वेब्लीची नळी वाकडी न होता आहे तशी, समांतर उतरते. कागदावर वेब्लीची पद्धत जास्त देखणी. पण समांतर उतरणारी नळी म्हणजे लांब खोबणी, लांब खोबणी म्हणजे बारीक घासकाम, आणि बारीक घासकाम म्हणजे धुळीला अडकायला जागा. ब्राउनिंग यांच्या पिस्तुलात भाग थोडे सैल होते. ते सैल असणंच पुढे त्याचा मोठा गुण ठरलं.

आता त्या स्प्रिंगकडे या. बहुतेक पिस्तुलांत ती गुंडाळीची असते आणि नळीखाली किंवा नळीभोवती बसते. वेब्लीत ती तिथे नाहीच. मुठीचं उजवं पान काढलं की आत स्वयंपाकघरातल्या चिमट्यासारखी इंग्रजी व्ही आकाराची पोलादी पट्टी दिसते. चिमटा दाबला की पाय पुन्हा फाकतात. त्या फाकण्याच्या जोरावर एक तरफ स्लाइडला पुढे ढकलते. वेब्लीचं गाव बर्मिंगहॅम. तिथल्या बंदुका बनवणाऱ्या कारागिरांना असल्या पट्टीच्या स्प्रिंगा शतकभर ठाऊक होत्या. जुन्या चकमकीच्या बंदुकीत ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतही पट्टीचीच स्प्रिंग असे. नव्या युगाच्या यंत्रात त्यांनी बेलाशक आजोबांची स्प्रिंग बसवली. मला हे त्या पिस्तुलातलं सगळ्यात लोभस दृश्य वाटतं.

रिझर्व्हला लागली

जुन्या बजाज चेतक स्कूटरवर फिरलेल्यांना पायाजवळचा पेट्रोलचा कॉक आठवत असेल. ऑन, ऑफ आणि रिझर्व्ह. गाडी आचके द्यायला लागली की चालता चालता वाकून कॉक रिझर्व्हवर फिरवायचा आणि पंप गाठायचा.

वेब्लीच्या मॅगझिनला नेमकी हीच सोय आहे. मॅगझिनमध्ये सात काडतुसं मावतात आणि त्याला एकाखाली एक अशा दोन खाचा आहेत. मॅगझिन पूर्ण वर ढकललं की एका खाचेत अडकतं आणि पिस्तूल आत्ता वर सांगितलं तसं चालतं. अर्धवट खाली ठेवलं की दुसऱ्या खाचेत अडकतं. आता स्लाइड पुढे येताना वरच्या काडतुसाला तिचा स्पर्शही होत नाही. सात गोळ्या मुठीत सुरक्षित बसून राहतात आणि नेमबाजाने प्रत्येक बाराला वरच्या खिडकीतून एकेक काडतूस हाताने भरायचं. अगदीच अंगावर आलं, तर मॅगझिनच्या बुडाला हाताचा तळवा मारून ते वर चढवायचं आणि मग सात गोळ्या पटापट.

पुन्हा एकदा वाचा. जगातल्या सगळ्यात बलाढ्य नौदलाने आपोआप भरणारं पिस्तूल घेतलं आणि ते हाताने भरून वापरण्याची सोय त्यात मुद्दाम करवून घेतली.

ही सोय वेडेपणाची वाटते, पण तिच्यामागे त्या काळचं सरळ गणित होतं. अधिकाऱ्यांना धास्ती अशी की भराभर उडवता आलं की शिपाई भराभर उडवणार, आणि ऐन मोक्याच्या क्षणी हात रिकामे. हीच धास्ती ब्रिटिश रायफलीतही दिसते. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशकं दिसलेली थ्री-नॉट-थ्री ज्या घराण्यातली, त्या ली-एनफिल्ड रायफलींमध्ये सुरुवातीला मॅगझिनवर आडवी सरकवायची एक पातळ पट्टी असे. ती सरकवली की मॅगझिन बंद. एकेक गोळी हाताने भरा, साहेब हुकूम देईल तेव्हा पट्टी काढा. पहिल्या महायुद्धाच्या धबडग्यात कारखान्यांनी ही पट्टी गाळायला सुरुवात केली आणि तिच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

सरकारी खरेदीत नवं यंत्र असंच येतं. कार्यालयात संगणक आला तरी वही चालूच राहते, कारण 'लाइट गेली तर?'

मग नौदलाने आधी का?

लष्कर रिव्हॉल्व्हरला चिकटून राहिलं आणि नौदल पुढे सरसावलं, हे एकट्या ब्रिटनमध्ये घडलं नाही. इटलीच्या नौदलाने १८९९ मध्ये पाच हजार माउझर पिस्तुलं मागवली. जर्मन नौदलाने १९०४ मध्ये लुगर स्वीकारलं, त्यांच्या भूदलाने ते १९०८ मध्ये घेतलं. ब्रिटनमध्ये तर भूदलाने पूर्ण सैन्यासाठी असं पिस्तूल दुसऱ्या महायुद्धानंतरच स्वीकारलं.

मला यामागे तीन कारणं दिसतात. एक म्हणजे आकडा. लाखोंच्या फौजेपुढे जहाजांवरची गरज काही हजारांची. प्रयोग फसला तरी खिशाला चटका कमी. दुसरं, साठवण. खलाशी पिस्तूल घेऊन चिखलात लोळत नाही. ते जहाजाच्या शस्त्रकोठीत तेल लावून टांगलेलं असतं आणि त्याची देखभाल करायला हत्यारांचा जाणकार मिस्त्री जहाजावरच हजर. तिसरं, ब्रिटनमध्ये नौदलाचं खातं, म्हणजे अॅडमिरल्टी, युद्धखात्यापासून स्वतंत्र होतं. एकाने नको म्हटलं म्हणून दुसरा थांबत नसे.

शिवाय नौदलाचं पिस्तुलाचं काम वेगळं होतं. तोफांच्या लढाईत ते कुचकामी. पण परक्या गलबतावर चढून झडती घ्यायची, किनाऱ्यावर तुकडी उतरवायची, तिथे एका हातात शिडीची दोरी आणि दुसऱ्या हातात शस्त्र. १९०९ पासून पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत ब्रिटिश जहाजं ओमानचं आखात आणि मकरान किनाऱ्यावर बंदुकांची तस्करी करणाऱ्या गलबतांची अशीच झडती घेत फिरत होती. म्हणूनच या पिस्तुलाच्या मुठीच्या बुडाशी एक कडी आहे. तिच्यात दोरी ओवून गळ्यात किंवा खांद्यावर अडकवायची. हातातून सुटलं तरी समुद्रात जात नाही. गंमत म्हणजे हेच खलाशी झडतीला जाताना आखूड तलवारही नेत असत. ती तलवार ब्रिटिश नौदलाच्या लढाऊ सामानातून निघाली थेट १९३६ मध्ये.

मंगळ आणि इतर पाहुणे

वेब्लीची निवड होण्याआधी बऱ्याच उमेदवारांची परीक्षा झाली. त्यातला एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ह्यू गॅबेट-फेअरफॅक्स नावाच्या संशोधकाने 'मार्स' नावाचं पिस्तूल बनवलं होतं. मार्स म्हणजे मंगळ, रोमन लोकांचा युद्धदेव. नावाला जागणारी ताकद त्यात होती. त्या काळातलं ते जगातलं सगळ्यात दमदार पिस्तूल म्हणता येईल. झटका इतका की हात आभाळाकडे. रिकाम्या पुंगळ्या बाजूला न उडता मागे, नेमबाजाच्या तोंडाच्या दिशेने येत. पोर्ट्समथजवळच्या व्हेल आयलंडवरच्या नौदलाच्या तोफखाना शाळेत त्याची चाचणी झाली, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने शेरा मारला तो असा, की एकदा झाडलेल्याला पुन्हा झाडायची इच्छा झाली नाही. अशी फार तर ऐंशीच पिस्तुलं बनली आणि संशोधकाचं दिवाळं निघालं. आज तीच संग्राहकांना वेड लावतात, हा भाग निराळा.

दुसरा पाहुणा वेब्लीच्याच घरचा. बंगाल आर्मीतले अधिकारी जॉर्ज फॉस्बरी, ज्यांना १८६३ च्या वायव्य सरहद्दीवरच्या उंबेला मोहिमेत व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, त्यांनी चक्क स्वयंचलित रिव्हॉल्व्हर काढलं. झटक्याने वरचा भाग मागे सरकायचा आणि चक्रीवरच्या नागमोडी खोबणीमुळे ती एक घर फिरायची. म्हणजे नवं तंत्र हवं, पण चक्री काही सोडवत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून वेब्लीने ते विकलं. दोन्ही डगरींवर पाय ठेवणारं हे यंत्र कुठल्याच सैन्याने अधिकृतपणे घेतलं नाही.

गोळी एवढी जाड का, याचं एक उत्तर आपल्या बाजूला सापडतं. १८९५ च्या वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या मोहिमेनंतर तक्रार आली की नव्या रायफलीची बारीक गोळी धावून येणाऱ्याला थोपवत नाही. त्यातून कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात शरीरात शिरल्यावर पसरणारी गोळी तयार झाली. तिच्यावरूनच 'डमडम बुलेट' हा शब्द जगभर गेला. रिव्हॉल्व्हरसाठीही पोकळ टोकाची गोळी काढली गेली. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घातली. पसरू द्यायची नाही म्हटल्यावर उरला एकच उपाय, गोळी मुळातच जाड ठेवायची. जर्मन नऊ मिलिमीटरवर समाधानी होते, ब्रिटिश साडेअकराच्या खाली उतरायला तयार नव्हते. त्या जाड काडतुसासाठी मॅगझिन जाड, मॅगझिनसाठी मूठ जाड. त्यात ती मूठ जवळजवळ काटकोनात. म्हणून तो गुण्या.

काटकोनी मुठीचा तोटा हातात घेताच कळतो, असं ते झाडून पाहिलेले लोक लिहून गेलेत. बोट दाखवावं तसं पिस्तूल रोखलं की नळी जमिनीकडे झुकते; मनगट मुद्दाम वर उचलावं लागतं.

चिखल आणि कॉर्डाइट

तोफखान्याच्या घोडेस्वार तुकड्यांनी १९१३ मध्ये याचा एक प्रकार घेतला. त्याला खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता आणि लांब अंतरासाठी वर-खाली करता येणारी मागची नेमखाच होती. पुढे वैमानिकांच्या रॉयल फ्लाइंग कोअरनेही काही घेतली. उघड्या विमानात एक हात दांडीवर असताना दुसऱ्या हाताने चालणारं शस्त्र हवं, हे रास्तच होतं.

पण पहिल्या महायुद्धातल्या खंदकांनी या पिस्तुलाची परीक्षा घेतली. ब्रिटिश काडतुसांत कॉर्डाइट नावाची दारू असे. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडी व्हॅसलीन मिसळून केलेल्या शेवयांसारख्या काड्या. जळल्यावर त्याची राळ मागे राहते. सैल रिव्हॉल्व्हरला तिचं काही वाटत नसे. वेब्लीच्या घासूनपुसून बसवलेल्या तिरप्या खोबणींत ती साचली, वर चिखल लागला, की घसरगुंडी अडली. जहाजाच्या कोठीत हा दोष झाकला गेला होता. भूदलाला आपण रिव्हॉल्व्हर सोडलं नाही याचं समाधान वाटलं असणार. त्यांनी १९१५ मध्ये नवं पिस्तूल न घेता नवं वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलं, मार्क सिक्स.

काडतूस मात्र पिस्तुलापेक्षा जास्त चाललं. महायुद्धात शस्त्रांचा तुटवडा पडला तेव्हा ब्रिटनने अमेरिकेच्या कोल्ट कंपनीकडून ब्राउनिंग यांचंच पिस्तूल .४५५ मापात बनवून घेतलं. म्हणजे बर्मिंगहॅमचं काडतूस आणि अमेरिकी घसरगुंडी. सैल भागांनी राळेला दाद दिली नाही.

वेब्लीचं नाव आपल्याकडे अजून पुरतं विरलेलं नाही. कानपूरच्या आयुध कारखान्याचं परवानाधारकांसाठीचं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच वळणाचं आहे, आणि २०२० च्या सुमारास उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे वेब्लीच्या नावाने रिव्हॉल्व्हर बनवायला सुरुवात झाली. चक्रीचंच, अर्थात.

एखाद्या संग्रहालयात किंवा त्याच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये हे पिस्तूल दिसलं, तर आधी इंग्रजी 'एन' अक्षर शोधा. तो नौदलाच्या नगाचा शिक्का. जवळपास कुठेतरी तीन रेघांचा बाण असेल, ती ब्रिटिश सरकारी मालाची खूण. मग मुठीच्या बुडाशी कडी. आणि मॅगझिन बाहेर काढून शेजारी ठेवलेलं असेल तर त्याच्यावरच्या खाचा मोजा. दोन भरतील.